एम.एड. की एम.एस्सी.? आधी वर्ग ठरवा

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील असून सध्या नाशिकमध्ये बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि मला 58 टक्के गुण आहेत. बी.एड.ला विज्ञान आणि गणित या माझ्या अध्यापन पद्धती आहेत. पुढे काय करावे याबाबत प्रत्येकाचे मत निराळे आहे. माझे काका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, एम.एड. कर, म्हणजे पुढे मुख्याध्यापक होशील. मैत्रिणी म्हणतात, मुलींची फी माफ होते, तेव्हा एम.एड.च बरे. आमच्या एका सरांनी नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्रात किंवा मराठीत एम.ए. करावे असे सुचवले आहे. मला स्वतःला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला आवडेल, पण एम.एस्सी.साठी आणखी दोन वर्षे आणि फी लागेल, धाकट्या भावाचे इंजिनिअरिंग सुरू आहे आणि वडिलांच्या द्राक्षबागेचे उत्पन्न दरवर्षी सारखे नसते. गंगापूर रोडवरील एका विनाअनुदानित शाळेत जूनपासून नोकरी मिळण्यासारखी आहे. एम.एड. एक वर्षाचे होणार असेही ऐकले. त्यासाठी थांबावे का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही मधेच, जवळजवळ ओझरते लिहिले आहे. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला आवडेल, हे ते वाक्य. काका, मैत्रिणी आणि सर यांचे सल्ले त्याच्या भोवती इतके दाटून आले आहेत की तुमचा स्वतःचा कल त्यांतील चौथे मत होऊन बसला आहे. तो तसा राहू नये, म्हणून माझे उत्तर आधीच सांगतो: बी.एड. पूर्ण झाल्यावर रसायनशास्त्रात नियमित एम.एस्सी. करावी, त्या दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) या दोन्ही परीक्षांची तयारी सोडू नये, आणि एम.एड.चा विचार नोकरी लागून काही वर्षे वर्गावर काढल्यानंतर, तेव्हाही इच्छा असल्यासच, करावा. असे का म्हणतो ते आता सविस्तर लिहितो.

शिक्षकाच्या अर्हता पदवीच्या मोठेपणावरून ठरत नाहीत. तुम्ही कोणत्या इयत्तांना शिकवणार यावरून त्या ठरतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे आपण जिला एन.सी.टी.ई. म्हणतो तिने, 2014 मध्ये निश्चित केलेल्या किमान अर्हतांनुसार नववी-दहावीसाठी किमान 50 टक्के गुणांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते, तर अकरावी-बारावीसाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान 50 टक्के गुणांनी आणि बी.एड. लागते. ‘संबंधित विषयातील’ या दोन शब्दांकडे नीट पाहावे. रसायनशास्त्र शिकवायचे असेल तर रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी, एम.एड. ही त्या जागी चालत नाही, कारण ती शिक्षणशास्त्राची पदवी आहे, रसायनशास्त्राची नव्हे. बी.एस्सी., बी.एड., एम.एड. असलेला उमेदवार अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पदासाठी अपात्र ठरतो आणि एम.एस्सी., बी.एड. असलेला पात्र ठरतो. दोघांनीही शिक्षणासाठी सारखीच वर्षे दिलेली असतात, तरी ही वस्तुस्थिती आहे, आणि दरवर्षी कित्येक मुलामुलींना ती जाहिरात हातात पडल्यावरच कळते.

मग एम.एड. कशासाठी असते? ती प्रामुख्याने शिक्षक घडवणाऱ्यांसाठी आहे. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) किंवा बी.एड.च्या महाविद्यालयात अध्यापन करायचे असेल, शैक्षणिक संशोधनात जायचे असेल, अभ्यासक्रम-निर्मितीत किंवा शैक्षणिक प्रशासनात रस असेल, तर ती योग्य पदवी आहे. परंतु तेथेही एकट्या एम.एड.वर भागत नाही. बी.एड. महाविद्यालयात विज्ञान अध्यापन पद्धती शिकवायची असेल तर एन.सी.टी.ई.च्या 2014 च्या विनियमांनुसार त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्ही किमान 55 टक्के गुणांनी लागतात, आणि सहायक प्राध्यापकपदासाठी त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आहेच. म्हणजे ज्या एका मार्गासाठी एम.एड. खरोखर उपयोगाची, त्या मार्गावरही तुम्हाला एम.एस्सी. करावीच लागणार आहे. एम.एस्सी. आधी केली तर अकरावी-बारावीचा मार्ग लगेच खुला होतो आणि अध्यापक महाविद्यालयाचा मार्ग पुढे केव्हाही एम.एड. जोडून खुला करता येतो. क्रम उलटा केला तर दोन वर्षांनी तुम्ही आजच्याच जागी उभ्या असाल. नववी-दहावीसाठी पात्र, अकरावी-बारावीसाठी अपात्र.

आता काकांच्या म्हणण्याविषयी. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्या आग्रहामागे आपली पुतणी मोठ्या पदावर जावी ही माया आहे, याविषयी शंका नाही. परंतु मुख्याध्यापक होण्यासाठी एम.एड. लागते हा समज नियमांशी जुळत नाही. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, 1981 नुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातील किमान दोन वर्षे बी.एड. झाल्यानंतरची, एवढी अर्हता पुरते. त्यानंतर प्रश्न उरतो तो सेवाज्येष्ठतेचा. याच नियमावलीच्या अनुसूची ‘फ’मध्ये माध्यमिक शिक्षकांचे ज्येष्ठतेसाठी प्रवर्ग पाडले आहेत आणि त्यात एम.ए. किंवा एम.एस्सी. सह बी.एड. असलेले आणि बी.ए. किंवा बी.एस्सी. सह बी.एड. असलेले शिक्षक एकाच ‘क’ प्रवर्गात येतात. तुमच्याआधी त्या प्रवर्गात आलेला बी.एस्सी., बी.एड. सहकारी तुमच्याकडे कितीही पदव्या असल्या तरी ज्येष्ठतेत पुढेच राहतो. शिक्षकांच्या खोलीत ज्येष्ठता यादीवरून जे वाद होतात, त्यांतील बरेचसे ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे होतात. काकांना हा मुद्दा सांगून पाहा; मुख्याध्यापकपदी राहिलेल्या माणसाला नियमावली दाखवली की बोलणे सोपे होते.

मैत्रिणींचा फी माफीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. 2024-25 पासून राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. एम.एस्सी. हा पारंपरिक अभ्यासक्रम असल्याने त्याला हा निर्णय लागू होत नाही, आणि म्हणून कागदावर एम.एड. स्वस्त दिसते. पण ज्या पदवीने तुम्हाला हव्या त्या वर्गाचे दार उघडत नाही ती फुकट मिळाली तरी तिच्यात तुमची दोन वर्षे जातात, आणि त्या दोन वर्षांतला पगार हाही खर्चच धरायला हवा. शिवाय एम.एस्सी.साठीही वाटा अगदीच बंद नाहीत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना किंवा तुमच्या प्रवर्गाला लागू असलेली दुसरी योजना राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर पाहा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकाला प्रत्यक्ष भेटून, ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना नेमकी किती रक्कम परत मिळाली आणि ती कोणत्या महिन्यात जमा झाली, हे विचारा. रसायनशास्त्राची एम.एस्सी. बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालते आणि एकाच शहरातल्या दोन महाविद्यालयांच्या फीमध्ये मोठा फरक असू शकतो. नाशिकमध्ये केटीएचएमसारख्या मोठ्या महाविद्यालयापासून सुरुवात करून दोन-चार ठिकाणी चौकशी करावी आणि वडिलांपुढे अंदाज न ठेवता आकडे ठेवावेत. बागेच्या उत्पन्नावर घर चालवणारा माणूस आकड्यांवर निर्णय घ्यायला सरावलेला असतो.

एम.एस्सी. करताना काही गोष्टींची काळजी घ्यावी लागेल. पदवीच्या प्रमाणपत्रावर विषयाचे नाव शक्यतो ‘रसायनशास्त्र’ असेच असावे. सेंद्रिय की विश्लेषणात्मक अशी विशेष शाखा निवडल्याने शाळेच्या दृष्टीने फरक पडत नाही, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कधी जावे लागले तर सेंद्रिय शाखेचा उपयोगही होईल. परंतु पर्यावरण विज्ञान, औषधी रसायन यांसारख्या वेगळ्या नावांच्या पदव्या घेतल्यास ‘संबंधित विषय’ या शब्दांवरून कागदपत्रे तपासताना अडचण येऊ शकते. दुसरे असे की, नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. पैशांच्या ओढाताणीत एखाद्या वर्षी ती सोयीची वाटेल. तरीही ती घेऊ नये, कारण पदविका म्हणजे पदव्युत्तर पदवी नव्हे आणि अकरावी-बारावीसाठी ती पुरणार नाही. तिसरी गोष्ट गुणांची. शाळेसाठी 50 टक्के पुरतात, परंतु सेट-नेटला बसण्यासाठी खुल्या प्रवर्गात 55 टक्के लागतात आणि राखीव प्रवर्गांना 50 टक्के. बी.एस्सी.चे 58 टक्के पाहता 55 टक्क्यांचे लक्ष्य तुमच्या आवाक्यातले आहे. ते पहिल्या सत्रापासून डोळ्यांपुढे ठेवा, कारण शेवटच्या सत्रात टक्केवारी फारशी हलत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, तिच्यात रासायनिक विज्ञान हा विषय आहे आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असतानाही तिला बसता येते. ती उत्तीर्ण झालात तर वरिष्ठ महाविद्यालयाचाही पर्याय राहतो. मात्र तेथील नियमित भरतीची गती पाहता त्या पर्यायावर घरखर्चाचे गणित बसवू नये, रसायनशास्त्रात पीएच.डी. असलेली माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करताना तुम्हाला नाशिकमध्येच भेटतील.

तुमच्या सरांनी सुचवलेल्या दोन पर्यायांबद्दल थोडक्यातच लिहितो. शिक्षणशास्त्रातील एम.ए. ही विद्यापीठीय पदवी आहे, एम.एड.प्रमाणे तिला एन.सी.टी.ई.ची मान्यता लागत नाही, आणि बी.एड.सोबत ती असल्यास अध्यापक महाविद्यालयातील शिक्षणाच्या तात्त्विक विषयांसाठी उमेदवार पात्र ठरू शकतो. शाळेतील रसायनशास्त्राच्या पदासाठी तिचा उपयोग शून्य आहे. मराठीतील एम.ए.चा विचार तर मी अजिबात करणार नाही. पदवीला विज्ञान, बी.एड.ला विज्ञान-गणित आणि पदव्युत्तरला मराठी असा उमेदवार ना धड विज्ञानाच्या यादीत पुढे जातो ना भाषेच्या, कारण बहुतेक जाहिरातींत पदवी, अध्यापन पद्धती आणि पदव्युत्तर विषय यांची सांगड पाहिली जाते. यात मुक्त विद्यापीठाचा दोष नाही, हेही स्पष्ट करतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्याच गंगापूर धरणाजवळून राज्यभर शिक्षण पोहोचवते आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरस्थ पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातात. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, नोकरीत असलेली शिक्षिका त्याच विषयात मुक्त विद्यापीठातून एम.ए. करत असेल तर मी तिला जरूर प्रोत्साहन देईन. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, म्हणून तुमचे प्रकरण वेगळे. या विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविकाही पुष्कळ शिक्षक करतात, पण ती नोकरीत स्थिरावल्यावर करण्याची गोष्ट आहे.

इथपर्यंत पदव्यांची चर्चा झाली. पण तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. राज्यातील अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील भरती पवित्र पोर्टलमार्फत होते आणि तिचा पाया शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली टेट, हा आहे. ही 200 गुणांची परीक्षा असून तिच्यात 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 गुण बुद्धिमत्तेला आहेत. रसायनशास्त्राचा एकही प्रश्न तिच्यात नसतो. एम.एस्सी., एम.एड. आणि पीएच.डी. अशा तिन्ही पदव्यांचा उमेदवार टेटमध्ये मागे राहिला तर पदव्या त्याला वर आणत नाहीत. पदवी पात्रता ठरवते आणि गुणवत्ता यादीतील जागा टेटचे गुण ठरवतात. 2017, 2023 आणि 2025 अशी ही परीक्षा झालेली आहे, यावरूनच ती दरवर्षी होईल असे धरून चालता येत नाही हे लक्षात येईल. म्हणून ती जाहीर होईल तेव्हा तुमची तयारी झालेली असली पाहिजे; जाहीर झाल्यावर तयारी सुरू करणाऱ्यांना पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते, आणि ती वाट वर्षांची असते.

टीईटी ही त्याहून वेगळी, आणि नावांच्या साधर्म्यामुळे दोन्हींचा घोळ नेहमी होतो. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य आहे. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी. तुम्ही दुसरा पेपर द्यावा. तो 150 गुणांचा असतो. त्यात बालमानसशास्त्राला 30, दोन भाषांना प्रत्येकी 30 आणि गणित-विज्ञानाला 60 गुण असतात, आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के म्हणजे 90 गुण लागतात. पहिल्या पेपरच्या मागे लागू नये, कारण बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र मानणारी 2018 ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये मोडीत काढली आहे. नववी ते बारावीच्या राज्यातील पदांना टीईटीची अट नाही हे खरे. तरीही दुसरा पेपर उत्तीर्ण होऊन ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. अकरावी-बारावीची पदे मोजकी निघतात, सहावी ते आठवीची जास्त निघतात आणि टीईटीच्या प्रमाणपत्राची वैधता 2021 पासून आजीवन केलेली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असा निकाल दिला, आणि आज पन्नाशीला टेकलेले शिक्षक शाळा सुटल्यावर बालमानसशास्त्राची पुस्तके उघडून बसले आहेत. तुमच्याकडे तो अभ्यास ताजा आहे, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात जे वाचता त्यातले बरेचसे तिथे कामी येते.

राज्य शासनाच्या अखत्यारीबाहेरच्या, म्हणजे केंद्राच्या शाळांकडेही नजर असू द्या, त्यांसाठी दूर जाण्याचीही गरज नाही. नाशिक जिल्ह्यात देवळाली, नाशिकरोड, ओझर येथे केंद्रीय विद्यालये आहेत, दिंडोरी तालुक्यात खेडगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे, आणि आदिवासी भागात एकलव्य निवासी शाळा आहेत. भरती अर्थातच देशपातळीवर होते आणि पहिली नेमणूक कोठेही होऊ शकते. तेथे अकरावी-बारावीच्या शिक्षकाला पीजीटी म्हणतात. त्यासाठी विषयातील 50 टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते, सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, लागत नाही. सहावी ते दहावीच्या टीजीटी पदाला मात्र सीटीईटीचा दुसरा पेपर लागतो. केंद्रीय विद्यालयांत वयोमर्यादा पीजीटीला 40 आणि टीजीटीला 35 आहे, तेव्हा तुमच्या हाती वेळ आहे. येथेही पाहा, एम.एस्सी.ने दार उघडते, एम.एड.चा उल्लेखही नसतो. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय तर नाशिकमध्येच आहे, आणि सुरगाणा, कळवण, पेठ या बाजूच्या आश्रमशाळांत विज्ञानाच्या शिक्षकांची गरज असते. मुक्कामी राहून शिकवण्याची तयारी असेल तर त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. ते काम अवघड आहे, आणि शिक्षक म्हणून घडवणारेही आहे.

पगाराच्या बाबतीत फार मोठ्या अपेक्षा धरू नका. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात आणि 2023 पासून त्यांचे मासिक मानधन माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. म्हणजे एम.एस्सी.मुळे सुरुवातीला महिन्याला दोन हजारांचा फरक पडतो. त्यानंतर नियमित वेतनश्रेणीत तो वाढतो. पण केवळ पैशांसाठी एम.एस्सी. करावी असे मी म्हणणार नाही. बारावीच्या वर्गात समतोलाची संकल्पना मांडायची तर शिकवणाऱ्याचा स्वतःचा पाया पुस्तकाच्या चार पाने पुढे असावा लागतो, आणि हे माझ्या लेखी मानधनाच्या फरकापेक्षा मोठे कारण आहे.

आता गंगापूर रोडवरच्या शाळेचा प्रश्न. पूर्णवेळ नोकरी आणि नियमित एम.एस्सी. ही दोन्ही एकाच वेळी ‘जमवून’ देतो, असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. हजेरीपटावर ते जमलेही, तरी पुढे शिक्षण विभागाकडे तुमच्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव जाईल तेव्हा अनुभवाच्या प्रमाणपत्रावरील तारखा आणि पूर्णवेळ पदवीच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या जातात, आणि मग त्या अनुभवाविषयीच नव्हे तर पदवीविषयीही प्रश्न विचारले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करण्यास परवानगी दिली, तिचा आधारही इथे मिळत नाही. ती दोन अभ्यासक्रमांपुरती आहे, शिवाय बी.एड., एम.एड.सारख्या अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदेचे नियम वेगळे लागू असतात. बी.एड.ला सैद्धांतिक व प्रात्यक्षिक कामात 80 टक्के आणि छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावाच्या काळात, 90 टक्के उपस्थिती आवश्यक असते, हे तुम्ही आत्ता अनुभवत आहातच. म्हणून त्या शाळेने अर्धवेळ, दुपारनंतरच्या तासिका दिल्या तर स्वीकारा आणि प्रमाणपत्रावर ‘अर्धवेळ’ असेच लिहून घ्या. ते नाही जमले तर संध्याकाळच्या खासगी शिकवण्यांतून हातखर्च निघतो. दहावीच्या विज्ञान-गणिताला नाशिकमध्ये विद्यार्थ्यांची वानवा नाही.

घरची परिस्थिती खरोखरच अशी असेल की दोन वर्षे तुमच्या मिळकतीवाचून भागणार नाही, तर मी दुसरा क्रम सुचवीन. त्या शाळेत एक वर्ष पूर्णवेळ नोकरी करा, त्या वर्षात टीईटी किंवा सीटीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हा, टेटची तयारी करा, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या फीइतके पैसे बाजूला टाका आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेश घ्या. एक वर्ष उशीर झाल्याने पात्रतेत काहीच बिघडत नाही, बी.एड. आधी आणि एम.एस्सी. नंतर हा क्रम कोठेही अपात्र ठरत नाही. मात्र ते वर्ष एकच असावे. विनाअनुदानित शाळेत रुळलेल्या, दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणणाऱ्या आणि पस्तिशीत पोहोचल्यावर टीजीटीच्या वयोमर्यादेचा हिशेब करणाऱ्या हुशार मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. रुजू होताना नियुक्तिपत्र लेखी घ्या, पगार बँकेतूनच घ्या आणि मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही कारणाने शाळेत जमा करू नका. छायाप्रती द्याव्यात, मूळ दाखवून परत घ्यावीत.

राहिला एक वर्षाच्या एम.एड.चा प्रश्न. एन.सी.टी.ई.ने फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यात एक वर्षाच्या बी.एड. व एम.एड.चा प्रस्ताव आहे. 2015 पासून हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले, त्याआधी ते एक वर्षाचेच होते, तेव्हा ही कल्पना अगदी नवी नाही. मसुद्याच्या भरवशावर कोणताही प्रवेश लांबवू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षी लागू असलेला नियम तुम्हाला लागू होईल. तुमच्या बाबतीत तर एम.एड.चा विचार पाच-सहा वर्षांनंतरचा आहे, आणि तोवर ते एक वर्षाचे झाले असेल तर तुमचे एक वर्ष आपोआप वाचेल. तेव्हा या एप्रिल-मे महिन्यांत लक्ष ठेवायचे ते एम.एस्सी.च्या प्रवेश सूचनांवर. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, स्थलांतर दाखला लागत असेल तर तो, उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला आणि लागू असल्यास जातवैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर हे सर्व आताच काढून ठेवा. निफाडच्या तहसील कार्यालयात जूनमध्ये दाखल्यांसाठी गर्दी होते, आणि मुदतीत दाखला न मिळाल्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला तर वडिलांना पूर्ण फी भरावी लागेल.